अंकित मन आणि गुप्त निष्ठा

राजा आर्थर व जादूगार मर्लिन यांची जुनी ब्रिटिश कथा आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचली असेल. तिच्या आधारें बी. बी. सी. नें ‘मर्लिन’ ही ६५ भागांची दूरचित्रवाणी-मालिका २००८ ते २०१२ या काळांत दाखविली. जुन्या कथेंतील वृद्ध मर्लिन येथें राजपुत्राचा तरुण सेवक झाला आहे. आणि राजा उथर यानें जादूस देहान्त शासन ठरविलें असल्यामुळें त्यास आपली विद्या झांकून ठेवावी लागते. मालिका करमणुकीची खरी. परंतु आपल्या शेजारीं बसलेला मनुष्य कोणाचा, हें ओळखावें कसें, हा प्रश्न तिनें फार कसोशीनें मांडला आहे असें आम्हांस वाटतें.

उघड कपटाची उदाहरणें तींत आहेतच. तिसऱ्या खंडांत मॉर्गाना वर्षभर बेपत्ता राहून परत येते, उथरच्या गळ्यांत पडून रडते, आणि त्याच्याच पलंगाखालीं मंतरलेली मुळी टांगून त्यास भ्रम लावते. चौथ्या खंडांत आर्थरचा सख्खा मामा अ‍ॅग्रावेन दरबारांत सल्ला देतो व रानांत जाऊन मॉर्गानास बातम्या पुरवितो. या दोघांचें मन त्यांचें स्वतःचें आहे. खोटा आहे तो चेहरा.

याहून निराळा प्रकार मर्लिनवरच ओढवतो. मॉर्गाना एका बहुमुखी सर्पाचें मुंडकें त्याच्या मानेंत शिरविते, आणि ‘आर्थरला मार’ एवढा एकच विचार त्याच्या मनांत उरतो. त्याचे प्रयत्न एकामागून एक फसतात, व पाहणारास हंसूं येतें.

पांचव्या खंडांत मात्र हंसूं येत नाहीं. राणी ग्वेन हिला मॉर्गाना एका काळ्या मनोऱ्यांत कोंडते. खोलींत त्याच मंतरलेल्या मुळ्या लोंबत असतात. किंकाळ्या ऐकूं येतात. जिवलग माणसें समोर येऊन आपणांस हंसत आहेत असे भास होतात. मग दार उघडतें आणि मॉर्गानाच जेवावयास बोलावते, गोड बोलते! ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकारानें १९५० सालीं इंग्रजींत प्रसृत केला. पुढें रॉबर्ट लिफ्टन या मनोवैद्यानें चीनमधून बाहेर आलेल्या माणसांच्या मुलाखतींवरून १९६१ सालीं ग्रंथ लिहिला. छळामागून अकस्मात् येणारी सौम्यता हें त्यानें वर्णिलेलें एक मोठें साधन आहे. ग्वेनचें मन मुळ्यांनीं खचलें, पण जिंकलें गेलें तें या सौम्यतेनें, असें आमचें मत आहे. मॉर्गानानें ही विद्या कोठें शिकली असेल? तिला स्वतःला दोन वर्षें एका खड्ड्यांत कैद भोगावी लागली होती.

ग्वेन घरीं परतते ती तशीच प्रेमळ, तशीच हंसतमुख. राजाच्या खोगिरांत घात केल्याचा आळ तबेल्यांतील एका गरीब पोरावर येतो. त्यानें खरा अपराधी पाहिला आहे. पण आईच्या जिवाच्या भीतीनें तो नांव सांगत नाहीं, आणि ग्वेन त्यास तुरुंगांतच ठार करते. पुढें कथेस या पोराची फारशी आठवण राहत नाहीं, हें आम्हांस खटकलें.

सर्पाची बाधा मूळ सर्पास जाळून गेली. ग्वेनच्या सुटकेस मात्र अट आहे. तिनें आरियनरॉडच्या डोहांत स्वखुशीनें उतरलें पाहिजे. ओढून नेल्यास उपयोग नाहीं. झोपेचें औषध देऊन आर्थर तिला तेथवर आणतो, पण जागी होतांच ती झिडकारूं लागते. तेव्हां तो तरवार उपसत नाहीं, शापही देत नाहीं. आपण लग्नाची मागणी घातली त्या दिवसाची तो आठवण देतो. क्षणभर तिची नजर निवळते. त्या दिवशीं दिलेलें उत्तर ती पुन्हां देते, आणि आपल्या पायांनीं पाण्यांत उतरते.

या प्रसंगीं मंत्र म्हणतो तो मर्लिन, तोही म्हाताऱ्या बाईच्या वेषांत! मॉर्गाना वैर झांकते, हा निष्ठा झांकतो. बाहेरून पाहणारास दोघेही लपविणारेच. आर्थरला खरें कळतें तें शेवटच्या भागांत, घायाळ होऊन रानांत पडला असतां. प्रथम तो तोंड फिरवितो. मग दोन दिवसांच्या वाटचालींत तो त्या नोकराकडे नव्यानें पाहूं लागतो, आणि प्राण जाण्यापूर्वीं, आजवर कधीं न उच्चारलेला आभाराचा शब्द त्यास म्हणतो.