नवोदयची तयारी घरच्या घरी

ताईंनो, लेकरू पाचवीत आहे? नवोदयच्या क्लाससाठी गटातून कर्ज उचलण्याआधी हे वाचा.

फॉर्मला फी नाही, पेपर मराठीत देता येतो. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्याच. पण परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

दोन तासांत 80 प्रश्न. त्यातले निम्मे, म्हणजे 40, नुसत्या आकृत्यांचे: वेगळी ओळखा, आरशातली शोधा. हे तर लिहिता-वाचता न येणारी आईही शेजारी बसून करून घेऊ शकते, त्याला कशाला हवा महागडा मास्तर? उरलेले 20 गणिताचे, 20 भाषेचे; ते शाळेतल्या गुरुजींना विचारा.

चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा नको. गोल पेनानेच भरायचा, पेन्सिल चालत नाही. जुने पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या.