फवारणीचे विष, मज्जातंतू आणि श्वास



पाठीवर पंप घेऊन आपण फवारणी करतो तेव्हा पाय चालतात, एक हात दांडा हलवतो, दुसरा नोझल धरतो आणि श्वास आपोआप सुरू असतो. ही सारी कामे स्नायू करतात. परंतु त्यांना हुकूम मज्जातंतूंकडून मिळतो. काही कीटकनाशके नेमका हा हुकूमच बिघडवतात. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून हा विषय प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

हुकूम कसा पोहोचतो?

मेंदूचा संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली येतो. मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. त्यांच्या शाखा हात, पाय व धडाच्या स्नायूंपर्यंत जातात. मानेतील तिसऱ्या ते पाचव्या जोडीपासून तयार होणारा मज्जातंतू छाती व पोट यांमधील श्वासपटल हलवतो. श्वास घेण्याचे मुख्य काम याच स्नायूचे आहे.

मज्जातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. संदेश आला की टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन फटीत सुटते व स्नायू आकुंचन पावतो. लगेच कोलीनइस्टरेज हे विकर त्या रसायनाचे विघटन करते आणि स्नायू सैल होतो.

विष काय करते?

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फरस गटातील औषधे हे विकर निकामी करतात. किडी याच कारणाने मरतात आणि माणसाच्या शरीरातही हेच विकर असते. मोटारीच्या स्टार्टरचे बंद करण्याचे बटण नादुरुस्त झाले तर मोटार जळेपर्यंत चालते, तसेच येथे घडते. प्रथम स्नायू फडफडतात, नंतर थकून लुळे पडतात. ग्रंथींनाही असेच हुकूम मिळत राहिल्याने लाळ, घाम व डोळ्यांतून पाणी येते, उलट्या-जुलाब होतात, बाहुल्या बारीक होतात.

बरे वाटले तरी घरी का जाऊ नये?

ॲट्रोपीनच्या इंजेक्शनाने लाळ, घाम व छातीतील स्राव आटोक्यात येतो. स्नायूंची दुर्बलता मात्र त्याने जात नाही. काही रुग्णांत सुमारे २४ ते ९६ तासांनी मानेचे व श्वासाचे स्नायू दुबळे होतात. उशीवरून डोके उचलता न येणे ही त्याची महत्त्वाची खूण आहे. अशा वेळी कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तरच जीव वाचतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रुग्णाला घरी आणू नये.

विषबाधा झाल्यास

१. रुग्णास ताबडतोब शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे.
२. हातमोजे घालून त्याचे कपडे काढावेत व अंग साबण-पाण्याने धुवावे.
३. उलटी करवू नये. दूध, ताक किंवा दारू पाजू नये.
४. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर झोपवावे.
५. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचे लेबल व माहितीपत्रक डॉक्टरांना दाखवावे.

फवारताना घ्यावयाची काळजी

१. डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल रंग सर्वांत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा.
२. शिफारशीबाहेरची मिश्रणे करू नयेत.
३. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर उन्हात फवारू नये. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा तोंडावर येतो, हे ध्यानात ठेवावे.
४. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.
५. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. काम चालू असताना तंबाखू, विडी टाळावी.

मजुराकडून फवारणी करून घेत असाल तर हे सर्व साहित्य त्यालाही द्यावे. विष मालक आणि मजूर असा भेद करीत नाही.