विरजण हेच भांडवल : घरगुती दही-ताकाच्या व्यवसायाचा पहिला धडा



व्हिडिओत दही लावून दाखवलं, ते बघून झालं असेल. तिथे हात दिसतात, पण आकडे पटकन निघून जातात. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

राहनाळ, काल्हेर, पूर्णा, अंजूर फाटा हा सगळा पट्टा गोडाऊनचा. दुपारी हजारो माणसं डबा उघडतात. उन्हाळ्यात भिवंडीचा उकाडा काय असतो ते आपल्याला नव्याने सांगायला नको. अशा वेळी थंड ताकाचा ग्लास किंवा दही-भाताचा डबा कोणाला नको असतो? मागणी आहे, तबेल्याचं दूध जवळ मिळतं, आणि दही लावणं आपल्याला आईपासून येतं. मग हा धंदा अवघड का जातो?

कारण घरी एखाद्या दिवशी दही आंबट झालं तर आपण कढी करतो. ग्राहकाच्या डब्यात आंबट झालं तर तो उद्या येत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपलंच म्हणणं आहे ना!

आधी हिशोब : एक बॅच फुकट गेली तर?

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला. 10 लिटर म्हशीचं दूध, 90 रुपये दराने 900 रुपये. गॅस आणि वीज 70. 400 ग्रॅमचे 23 डबे झाकण-लेबलसह 115. आपली अडीच तासांची मजुरी 200. (मजुरी धरायचीच! "घरचंच काम आहे" म्हणून सोडायची नाही.) एकूण 1285 रुपये, म्हणजे डब्यामागे साधारण 56.

डबा 68 रुपयांना विकला तर 23 डब्यांचे 1564 येतात. नफा 279.

आता एक दिवस दही लागलंच नाही. 1285 रुपये गेले. ते भरून काढायला जवळपास पाच चांगल्या बॅच लागतात. पाच दिवस काम केलं आणि हातात शून्य. म्हणून या धंद्यात पहिलं कौशल्य विक्रीचं नाही. रोज तेच दही लागलं पाहिजे, हे पहिलं कौशल्य.

विरजणात नेमकं असतं काय?

विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा पीएच साधारण 6.6 ते 6.7 असतो. आम्ल वाढत वाढत तो 4.6 च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन घट्ट जाळं धरतं. त्यालाच आपण "दही लागलं" म्हणतो. पुढेही जिवाणूंचं काम चालूच राहतं, म्हणून बाहेर ठेवलेलं दही आंबट होत जातं.

या जिवाणूंचे ढोबळ दोन गट लक्षात ठेवा.

पहिला गट कोमट हवेत खूश असतो, 25 ते 30 अंशांत. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा त्यातला. आपल्या घरच्या दह्याचा सौम्य वास आणि चव बऱ्याच अंशी अशा जिवाणूंमुळे येते.

दुसऱ्या गटाला ऊब जास्त लागते, 40 ते 45 अंश. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस ही ती जोडी. या दोघांनी मिळून लावलेलं ते योगर्ट. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने 1905 मध्ये जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यातला हा जिवाणू शोधला, म्हणून नाव बल्गेरिकस.

घरच्या विरजणात दोन्ही गटांतले जिवाणू कमी-जास्त असू शकतात, शिवाय थोडं यीस्टही. यातूनच धंद्याची अडचण सुरू होते. तुम्ही आज 42 अंशांवर लावलं, उद्या 30 वर, तर विरजणातलं प्रमाण बदलत जातं. महिन्याभरात चव बदलते आणि ग्राहक विचारतो, "ताई, दूध बदललं का?" दूध तेच असतं. बदललेलं असतं विरजण.

आणखी एक. आपलं घरच्या विरजणाचं दही असेल तर लेबलवर "दही" लिहा, "योगर्ट" नको. भारताच्या अन्न मानकांत योगर्टसाठी वर सांगितलेली ठरावीक जोडी लागते.

पद्धत : पाच पायऱ्या, रोज त्याच

1. दूध तापवणं. नुसती उकळी आली की गॅस बंद करू नका. मंद आचेवर 80 ते 85 अंशांच्या वर काही मिनिटं राहू द्या, ढवळत राहा. या तापमानात दुधातली दुसरी प्रथिनं केसीनला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं.

2. गार करणं. बोट घालून अंदाज घ्यायची सवय सोडा. हात स्वच्छ राहत नाही आणि अंदाज रोज वेगळा येतो. थर्मामीटर घ्या. घरच्या विरजणासाठी 35 ते 38 अंशांवर आलं की थांबा. खूप गरम दुधात जिवाणू मरतात, खूप गार दुधात ते सुस्त बसतात.

3. विरजण मोजून घालणं. चमचा नको, वजनकाटा वापरा. उन्हाळ्यात लिटरला 5 ग्रॅम, पावसाळ्यात 10, थंडीत 15 ते 20 इथून सुरुवात करा. आधी वाटीभर दुधात गुठळी न राहता फेटा, मग सगळ्या दुधात मिसळा आणि लगेच डबे भरा.

4. हलवायचं नाही. उन्हाळ्यात 4 ते 6 तास, थंडीत 8 ते 10 तास. झाकण उघडून सारखं बघायचं नाही. थंडीत डबे थर्माकोलच्या बंद खोक्यात ठेवा. वेळ वहीत लिहा.

5. लागलं की लगेच फ्रीज. 5 अंशांच्या खाली. दही लागल्यावर "अजून तासभर राहू दे" म्हटलं की आंबटपणा हातातून गेला. किमान चार-पाच तास फ्रीजमध्ये सेट होऊ द्या, मगच बाहेर काढा.

विरजणाचा वेगळा डबा

उरलेल्या दह्यातून विरजण घेणं घरात चालतं, धंद्यात नाही. दही लावतानाच एक छोटा स्टीलचा डबा फक्त विरजणासाठी भरा. त्यातून कोणी खायचं नाही, त्यात उष्टा चमचा जायचा नाही. चमचा आधी उकळत्या पाण्यातून काढायचा. दोन-तीन दिवसांच्या आत त्यातून पुढचं विरजण लावायचं. चव छान असताना थोडं विरजण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. मुख्य डबा बिघडला तर दोन-तीन वेळा लावून ते पुन्हा जोमात येतं.

लाल मिरचीच्या देठांनी दही लावायची जुनी युक्ती आहे. देठांवरचे जिवाणू दुधात वाढतात, म्हणून ती चालते. पण कोणते जिवाणू आले ते कळत नाही. घरी करून बघा, विक्रीसाठी नको. व्यवसाय वाढला की तयार कल्चर विकत घ्यायचा विचार करा. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत अशा जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे.

दही बिघडलं : कारण शोधा

- लागलंच नाही : दूध फार गरम होतं, किंवा विरजण जुनं झालं. दोन्ही ठीक असेल तर तबेल्यात विचारा, जनावराला अँटिबायोटिक चालू आहे का? औषधाचा अंश दुधात आला की विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत. असं दूध विकायचंही नसतं.
- पाणी सुटलं : जास्त वेळ बाहेर राहिलं, जास्त उबेत लागलं, किंवा मधेच डबा हलला.
- तार येते : विरजणातल्या काही जिवाणूंमुळे असं होतं, कधी बाहेरचे जंतू शिरल्यानेही. विरजण बदला.
- कडवट : विरजण म्हातारं झालं.
- बुडबुडे, फुगलेलं झाकण, दारूसारखा वास, रंगीत ठिपके : टाकून द्या. वरचा थर काढून विकणं, कढी करणं, काही नाही. आणि ते विरजणही टाका.

स्वयंपाकघरात : जिवंत दही आणि शिजलेलं दही

आपल्याकडे दह्याचे पदार्थ दोन प्रकारचे. ताक, मठ्ठा, कोशिंबीर, दही-पोहे, दही-भात यांत जिवाणू जिवंत राहतात. फक्त भात कोमट झाल्यावर दही घाला आणि फोडणी थोडी निवू द्या. चक्का, श्रीखंड, पियूष हेही न शिजवता होतात.

कढी, ताकातली उकड, ताकातला पालक यांत दही उकळतं, जिवाणू मरतात. म्हणून ते पदार्थ वाया गेले का? अजिबात नाही. प्रथिनं, कॅल्शियम, आंबटपणा सगळं राहतं. फक्त ग्राहकाला "आमच्या कढीत जिवंत जिवाणू" असं सांगू नका. कढी फुटू नये म्हणून गार ताकातच बेसन कालवून घ्या आणि मंद आचेवर ढवळत राहा. पिठातला स्टार्च प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाही.

एक नियम पक्का. तांब्या-पितळेच्या कल्हई नसलेल्या भांड्यात दही-ताक ठेवायचं नाही. आम्ल धातूला खातं आणि ते पोटात जातं.

"ताई, पोटाला चांगलं ना?"

हा प्रश्न येणारच. उत्तर खरं द्या, कारण इथे कोणाच्या तरी तब्येतीचा प्रश्न आहे.

काय सांगता येतं? दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट फुगतं, गुडगुडतं, त्यांतल्या अनेकांना दही सोसतं. दही लागताना थोडं लॅक्टोज खर्च होतं, आणि योगर्टचे जिवंत जिवाणू आतड्यात उरलेलं पचवायला मदत करतात. या बाबतीत पुरावा चांगला आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनेही 2010 मध्ये जिवंत योगर्टबद्दलचा हा दावा मान्य केला.

काय सांगता येत नाही? नोबेल विजेते शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं होतं की आंबवलेल्या दुधातले जिवाणू आतड्यात जाऊन म्हातारपण लांबवतात. तेव्हापासून दह्याला औषध म्हणायची सवय लागली. पुढे लक्षात आलं की बल्गेरिकस आतड्यात मुक्काम करत नाही, येतो आणि जातो.

"प्रोबायोटिक" हा शब्दही जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये त्याची व्याख्या केली : पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. म्हणजे कोणता जिवाणू, किती, आणि फायदा सिद्ध झालाय का, ही तिन्ही उत्तरं हवीत. आपल्या घरच्या दह्यात जिवाणू भरपूर असतात, पण नेमके कोणते आणि किती हे आपण मोजलेलं नसतं. म्हणून लेबलवर "प्रोबायोटिक", "पोटाचे विकार बरे करते" असं काही लिहायचं नाही.

कोणी म्हणालं, "मुलाला जुलाब होतायत, तुमचं दही देऊ का?" तर सांगा : आधी ओआरएस आणि डॉक्टर. दही-भात हे चांगलं अन्न आहे, पण ओआरएसची जागा घेत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच घरगुती दही खावं. एक डबा कमी विकला जाईल, चालेल. तो माणूस तुमचं नाव लक्षात ठेवेल.

नोंदणी, लेबल आणि भाव

अन्न विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी हवी, घरून विकलं तरी. फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. आपल्या उलाढालीला नोंदणी लागते की परवाना, आणि फी किती, हे तिथेच बघा. मिळालेला 14 अंकी नंबर डब्यावर छापा. सोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं आणि शाकाहारी चिन्ह.

"कधीपर्यंत" ही तारीख दुसऱ्याच्या डब्यावरून उचलू नका. प्रत्येक बॅचचा एक डबा फ्रीजमध्ये राखून ठेवा, रोज चव-वास बघा आणि वहीत लिहा. महिन्याभरात तुमच्या दह्याचं आयुष्य कळेल. तारीख त्याच्या बरीच आतली टाका, कारण ग्राहकाच्या फ्रीजचं दार दिवसभर उघडं-बंद होत असतं.

आणि भाव सांगताना लाजू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, तसंच ताक विकताना किंमत पुटपुटायची नाही. हिशोब वहीत आहे, तो डोळ्यासमोर ठेवून स्पष्ट सांगा.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस, रोज फक्त एक लिटर. विक्री नाही. वहीत सहा रकाने आखा : तारीख, खोलीचं तापमान, विरजण घालतानाचं दुधाचं तापमान, विरजणाचे ग्रॅम, लागायला लागलेले तास, चव. घरातल्या दोन माणसांकडून दहापैकी गुण घ्या, एकमेकांचे गुण न दाखवता.

सातव्या दिवशी सगळ्यात जास्त गुणांची ओळ लाल पेनाने अधोरेखित करा. ती ओळ म्हणजे तुमची पाककृती. ऋतू बदलला की वही पुन्हा उघडायची.

सलग तीन दिवस चव तीच आली, की चौथ्या दिवशी पहिले पाच डबे विकायला काढा.

पुढच्या भागात चक्का आणि श्रीखंड घेऊ. तोपर्यंत लावा दही, आणि हलवू नका!