कांटा खोटा, कीं तार खोटी?



मोटार हांकणाराच्या समोर जो डॅशबोर्ड असतो, त्यावरील लहान कांटे हे त्याचे दूतच होत. टाकींत पेट्रोल किती उरलें, इंजिनांतील पाणी किती तापलें, हें त्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं. तें हे दूत सांगतात. पण दूतच खोटें सांगूं लागला तर? पेट्रोलचा कांटा चुकला तर फार तर वाटेंत गाडी थांबेल. परंतु पाणी उकळून जात असतां तापाचा कांटा "सर्व ठीक आहे" असें सांगत राहिला, तर इंजिनाचा नाश होतो. म्हणून दोष नेमका कोणाचा, हें शोधण्याची रीत आज आपण पाहूं. ती गाडीच्या कामीं उपयोगी आहेच, इतरत्रही आहे.

उदाहरणादाखल इंग्लंडांतील 'मिनी' ही प्रसिद्ध गाडी घेऊं. अलेक इसिगोनिस यांनीं योजिलेली ही चिमुकली गाडी १९५९ सालीं बाजारांत आली. तिचा 'क्लबमन' नांवाचा नमुना १९६९ ते १९८० पर्यंत निघत असे. त्याच्या डॅशबोर्डावर एका तबकडींत वेगमापक, आणि दुसरींत पेट्रोलचा व तापाचा असे दोन कांटे असत. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत हीच योजना होती.

हे कांटे हालतात कसे? उष्णतेनें दोन भिन्न धातू कमीअधिक प्रसरण पावतात, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकलों आहों. प्रत्येक कांट्यामागें अशा दोन धातूंची जोडलेली एक पट्टी असून तिच्याभोंवतीं बारीक तार गुंडाळलेली असते. तारेंतून वीज गेली कीं पट्टी तापून वांकते आणि कांटा वर सरकतो. म्हणूनच किल्ली फिरवतांच हा कांटा उडी मारीत नाहीं, सावकाश चढतो. वीज किती जावी हें दुसऱ्या टोंकाचा विरोध ठरवितो. टाकींत एक तरंगता फ्लोट असतो. टाकी भरलेली असली कीं तेथील विरोध कमी, रिकामी असली कीं अधिक. इंजिनावरील तापाच्या युनिटचा विरोध पाणी तापलें कीं कमी होतो.

येथें एक अडचण येते. इंजिन बंद असतां बॅटरीचा दाब सुमारें १२ व्होल्ट असतो, चालू असतां तो १४ पर्यंत चढतो. पट्टीची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें कांट्यांचा भरंवसा राहणार नाहीं. यासाठीं मध्यें एक लहानसा स्टॅबिलायझर बसवितात. त्यांतही तशीच पट्टी असते. ती तापली कीं वांकून वीज तोडते, निवाली कीं पुन्हां जोडते; आणि अशा तोडजोडीनें कांट्यांना सरासरी १० व्होल्टांइतकीच वीज पोंचते. मात्र ही पट्टी तापण्यासाठीं स्टॅबिलायझरचा गाडीच्या पत्र्याशीं, म्हणजे अर्थशीं, चांगला संबंध असला पाहिजे. तो संबंध तुटला, तर पट्टी तापत नाहीं, वीज तुटत नाहीं आणि सगळा दाब कांट्यांवर येतो. १४ चा वर्ग १९६, १० चा वर्ग १००. म्हणजे उष्णता जवळजवळ दुप्पट! हें ध्यानांत ठेवा.

आतां तारांचे रंग. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी त्यापुढें फ्यूजमधून आलेली, फिकी हिरवी स्टॅबिलायझरकडून कांट्यांकडे जाणारी, हिरवी-काळी टाकीची, हिरवी-निळी तापाची, आणि काळी अर्थची. ज्याला हे रंग पाठ झाले, त्याला फलकामागचें जाळें पुस्तकाप्रमाणें वाचतां येतें.

दोष शोधतांना पहिला प्रश्न एकच : एक कांटा चुकतो, कीं दोन्ही? दोन्ही निपचित पडले, तर हिरव्या तारेवरील इतर वस्तू, जसे ब्रेकचे दिवे व वायपर, चालतात का तें पाहावें. तेंही बंद असले, तर प्रथम फ्यूज पाहावा. तें चालत असले, तर स्टॅबिलायझर किंवा त्याची तार तपासावी. दोन्ही कांटे वाजवीपेक्षां वर जात असले, तर स्टॅबिलायझर अथवा त्याचा अर्थ तपासावा. एकच चुकत असला, तर दोष त्याच्याच मार्गांत आहे.

पेट्रोलचा कांटा एकटाच चुकत असेल, तर किल्ली बंद ठेवून टाकीवरील हिरवी-काळी तार सोडवावी. मग किल्ली लावली असतां कांटा 'रिकामी' या खुणेवर राहिला पाहिजे. पुन्हां किल्ली बंद करून, ती तार दुसऱ्या तारेनें टाकीपासून दूर, स्वच्छ पत्र्याला पक्की जोडावी. टाकीजवळ ठिणगी पडतां कामा नये. किल्ली लावतांच कांटा सावकाश 'भरलेली' कडे गेला, तर कांटा व तार दोघेही निर्दोष. अपराधी टाकींतील युनिट किंवा त्याचा अर्थ. कांटा शेवटच्या खुणेशीं पोंचतांच किल्ली बंद करावी. तो हाललाच नाहीं, तर हीच परीक्षा कांट्याच्या पाठीशीं करावी. तेथें हालला, तर तार मध्येंच तुटलेली आहे.

फलकामागें हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडवावी. फ्यूज वारंवार जळत असेल तर त्याजागीं जाड तार कधींही घालूं नये. कोठें तरी एखादी तार उघडी पडून पत्र्याला टेकत आहे, असें तो सांगत असतो. त्याचें तोंड बंद केलें तर पुढची सूचना धुराचीच मिळेल.

आतां आमची एक चूक सांगतों. २०२३ च्या उन्हाळ्यांत एका स्नेह्यांच्या अशाच रचनेच्या जुन्या ब्रिटिश गाडीचा तापाचा कांटा फार वर जाऊं लागला. त्यांनीं आमचा सल्ला विचारला. आम्हीं तो एकच कांटा पाहून "इंजिनच तापतें" असा निकाल दिला. रेडिएटर काढून धुवविला, थर्मोस्टॅट बदलविला. खर्च त्यांचा झाला आणि कांटा होता तेथेंच राहिला. जवळ उभा असलेला आमच्या दहावीच्या वर्गांतील एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, टाकींत पेट्रोल पावभरच आहे, पण तो कांटाही अर्ध्याच्या पुढें गेला आहे."

आम्ही ओशाळलों. दुसरा साक्षीदार समोर होता. आम्हीं त्याला विचारलेंच नव्हतें. स्टॅबिलायझरच्या स्क्रूखालीं गंज चढला होता. पॉलिश पेपरनें तो घांसून काढतांच थोड्या वेळांत दोन्ही कांटे आपापल्या जागीं आले. आम्हीं त्या गृहस्थांची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्या मुलाचे आभार मानले.

बालमित्रहो, आणि पालकहो, इंजिन निर्दोष होतें व त्याला शिक्षा झाली. घरीं व शाळेंतही आपण असेच एका कांट्यावरून निकाल देतों. मुलाचे गुण कमी पडले कीं तो आळशी, शेजारी बोलला नाहीं कीं तो गर्विष्ठ! दुसरा कांटा काय सांगतो, हें क्षणभर थांबून पाहिलें, तर पुष्कळदां आढळून येईल कीं दोष कोणा माणसाचा नसून, मधल्या संबंधावर थोडा गंज चढला आहे. आणि तो काढण्यास फार खर्च लागत नाहीं.