भिंत बुजविण्यापूर्वी

पुणे,
माघ वद्य पंचमी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. भोरच्या शाळेत रुजू होऊन वाड्याच्या माडीवर बिऱ्हाड थाटलेस याचा आम्हां सर्वांस आनंद आहे. परंतु त्या माडीस लागून मालकाने गेल्या वर्षी स्लॅब टाकून जे न्हाणीघर उभे केले, त्याची तू कळविलेली कैफियत वाचून मला स्वस्थ बसवेना. पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येते, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरली आहे, संडासाची टाकी रात्रभर भरत राहते, आणि दुपारच्या वेळी मोरीतून दुर्गंधी उठते. एका वर्षाच्या आत हे सारे व्हावे याचा अर्थ करणाऱ्याने काम केले नाही, उरकले. भोरमध्ये भरवशाचा प्लंबर कोण, असे तू विचारतोस. त्याचे उत्तर एखादे नाव सांगून संपण्यासारखे नाही, कारण कारागिराचा भरवसा त्याच्या लौकिकावर जितका अवलंबून असतो तितकाच आपण त्याला काम कसे सांगतो, ते कोणत्या वेळी पाहतो आणि पैसे कसे देतो यावरही असतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कारागीर शोधण्याआधी दोष शोध. न्हाणीघरातून खाली पाणी जाण्यास मुख्यतः तीन वाटा असतात आणि त्या प्रत्येकीची वेळ निराळी असते. भिंतीतला भरलेला नळ गळत असेल तर ओल अहोरात्र सारखी राहते, तुम्ही घरात असा वा नसा. सांडपाण्याच्या नळीचा सांधा सुटला असेल तर अंघोळ किंवा धुणे झाल्यावरच ती वाढते. आणि फरशीखालचा जलरोधक थर फसलेला असेल तर जमिनीवर पाणी साचून राहिल्यावर, काही तासांनी, ती खाली प्रकट होते. तेव्हा शनिवारी रात्री छतावरच्या टाकीचा झडपनळ बंद करून, टाकीच्या आतल्या अंगाला पाण्याच्या पातळीशी खूण करून ठेव, आणि झडपेनंतरच्या नळातही दाब राहू नये म्हणून एक तोटी उघडून ठेव. सकाळपर्यंत ओल मंदावली तर संशय भिंतीतल्या नळावर; मंदावली नाही, आणि टाकीतले पाणीही खुणेशीच असेल, तर दुसऱ्या दिवशी जाळीचे तोंड कापडाने घट्ट बंद करून जमिनीवर दोन बोटे पाणी साठव, त्यात थोडी नीळ कालव, आणि खालच्या मंडळींना छताकडे लक्ष ठेवण्यास सांग. निळा डाग उतरला तर फरशी दोषी. न उतरता कापड काढल्यावर उतरला तर सांडपाण्याची नळी. संडासाच्या टाकीतही अशीच नीळ टाकून, पाणी न सोडता थांब. भांड्यात निळी धार दिसली की टाकीच्या तळचे रबर बदलण्यापलीकडे तेथे काही करावे लागत नाही, आणि तेवढ्यासाठी भिंत फोडू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

ही परीक्षा आत्ताच उरकून घे, लांबणीवर टाकू नकोस. भोर-वेल्ह्याचा पाऊस तू अजून पाहिलेला नाहीस. तुझे न्हाणीघर वाड्याच्या जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला नवी स्लॅब भिडवून बांधलेले आहे, आणि असल्या जोडातून पावसाचे पाणी हमखास आत शिरते. आषाढात भिंत ओली झाली म्हणजे तो ओलावा आभाळाचा की नळाचा, हे जाणत्यालाही सांगता येत नाही. शिवाय त्या दिवसांत भातलावणी सुरू होते, आणि हाताखाली राबणारे गडी आपापल्या खाचरांकडे गेल्यावर उत्तम मिस्त्रीदेखील एकटा पडतो. फाल्गुन आणि चैत्र हे दोन महिने या कामाला योग्य.

आता मालकाविषयी. भिंत त्याची आहे, म्हणून त्याच्या लेखी संमतीवाचून तीवर छिन्नी ठेवू नकोस. आणि दुरुस्ती हे त्याचे कर्तव्य आहे, म्हणून ते स्वतःच्या अंगावर घेण्याची घाईही करू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, याच्या कलम 14 अन्वये जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे; भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे, आणि तुझा दस्तऐवज अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर कायद्याच्या दृष्टीने तू भाडेकरू नव्हेस. म्हणून भोरच्या न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला कागद दाखवून तुझी स्थिती नक्की करून घे. ती काहीही असली तरी मालकाला दोषांचा तपशील, छायाचित्रे आणि तुझ्या परीक्षेचा निष्कर्ष लिहून पाठव व पोच घे. पत्राची भाषा सौम्य ठेव. मालकालाही त्या पहिल्या कारागिराने फसविलेच आहे, हे त्याच्या ध्यानात आणून दिलेस तर तो तुझ्या बाजूस येण्याचा संभव अधिक.

कारागिराच्या निवडीत मी एकच गोष्ट सर्वांहून महत्त्वाची मानतो. नळाचे काम पुरे होताच भिंतीआड आणि फरशीखाली दडते, आणि इतर कामांत जो आळशीपणा डोळ्यांना दिसून लाज आणतो तो या कामात चकचकीत टाइलच्या मागे निर्धास्त राहतो. म्हणून ज्याला आपले काम उघडे असताना दाखविण्यास संकोच वाटत नाही, तोच कारागीर विश्वासास पात्र. भोरहून जुन्या कात्रज घाटाने पुण्यास येशील तेव्हा तेथल्या तलावापाशी क्षणभर थांब. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत तेथून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले, आणि त्या नळाच्या वाटेवर जागोजाग उच्छ्वास बांधले, की कोंडलेल्या हवेला वाट मिळावी आणि आतला गाळ काढता यावा. पुरलेल्या कामाचीही उद्या तपासणी करावी लागेल, हे त्या कारभाऱ्यांनी बांधतानाच गृहीत धरले होते. तुझ्या न्हाणीघरात मात्र सांडपाण्याच्या वळणावर सफाईचे तोंडच ठेवलेले नाही, असे तुझ्या पत्रावरून दिसते. ते आता करवून घे.

माणूस पारखताना त्याला कालपरवा केलेले काम दाखविण्यास सांगू नकोस, दोन पावसाळे काढलेले दाखव म्हणावे. आणि तेथे गेल्यावर न्हाणीघराच्या धन्यापेक्षा त्याच्या खाली राहणाऱ्याला विचार. हार्डवेअरच्या दुकानदाराला बहुतेक सारे मिस्त्री ठाऊक असतात, परंतु तो नेहमीच्या गिऱ्हाइकाचे नाव पुढे करणार. त्याला असे विचार की कोणाच्या कामावरची माणसे पुन्हा पुन्हा तोच वॉशर आणि तोच एल्बो न्यायला येतात, आणि ती नावे वगळ. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या व्यवसायाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो केलेला असला तर उत्तम, पण नुसत्या प्रमाणपत्रावर जाऊ नकोस. घरी आल्यावर तो काय करतो ते पाहा. दारात उभा राहूनच "सगळे फोडावे लागेल" म्हणणारा आणि न पाहताच आकडा सांगणारा, हे दोघेही टाळ. चांगला माणूस बादलीभर पाणी मागतो, ते ओतून वाकून पाहतो, तुझी निळीची हकीकत नीट ऐकून घेतो, आणि नाडी पाहिल्याखेरीज औषध न सांगणाऱ्या वैद्याप्रमाणे खर्चाचा आकडा शेवटी सांगतो.

भिंत उघडली की तू जातीने तेथे उभा राहा, त्यासाठी शाळेची एक किरकोळ रजा गेली तरी चालेल. जुना लोखंडी नळ आणि नवा सीपीव्हीसी नळ जेथे भेटतात तो सांधा आधी पाहा. तेथे पितळी आट्यांचा तुकडा हवा. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गच्च गुंडाळून आणि पान्याने पिळून बसविलेला एल्बो आतून चिरतो, आणि माझ्या पाहण्यात असल्या गळत्यांचे मूळ बहुधा हेच निघाले आहे. नवे नळ जोडून सॉल्व्हंट पूर्ण वाळल्यावर, गिलावा करण्यापूर्वी, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरवून काटा तासभर हलत नाही ना ते बघ. मोरीच्या ट्रॅपमध्ये किमान 50 मिलीमीटर पाणी उभे राहिले पाहिजे. तुझ्याकडे दुपारी दुर्गंधी येते ती बहुधा ते पाणी पुरेसे नसल्यामुळे किंवा ओढले जात असल्यामुळे. फरशीला जाळीच्या दिशेने मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर उतार असावा, आणि नवी फरशी बसण्याआधी जलरोधक थरावर पाणी भरून किमान चोवीस तास ठेवावे. एवढ्या अवधीला मिस्त्री कुरकुर करील, कारण त्याचा दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी आनंदाने दे.

पैशाच्या बाबतीत माझे मत असे, की दोष शोधण्याचे काम रोजाने द्यावे आणि दोष निश्चित झाल्यावर दुरुस्तीचे उक्ते द्यावे. शोधाचे काम उक्ते दिले तर तो घाईने शोधील, आणि दुरुस्ती रोजाने दिली तर सावकाश करील. प्लंबर, गवंडी आणि फरशीवाला अशा तिघांना वेगवेगळे बोलावू नकोस, कारण गळती पुन्हा झाली म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. मक्ता एकाच्याच माथी असावा. सामान तू स्वतः घे, आयएसआय खूण पाहून, मालकाच्या नावाने बिल करून. अंदाजपत्रकात फोडकाम, राडारोडा उचलणे आणि फरशी पूर्ववत करणे यांचा उल्लेख असू दे. उचल द्यायची ती अल्प, आणि एकूण मजुरीचा दहावा हिस्सा आषाढाच्या मध्यापर्यंत मागे ठेवायचा, हे प्रारंभीच बोलून कागदावर घे. मागाहून सांगितलेस तर ती फसवणूक ठरेल आणि त्याचा राग रास्त असेल. बाकीची रक्कम मात्र काम संपेल त्याच दिवशी त्याच्या हातावर ठेव. तगाद्यासाठी खेपा घालाव्या लागलेला मिस्त्री आषाढात तुझ्या हाकेला येणार नाही.

बिल आणि करार जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. मोबदला घेऊन केलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्कही पडत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा आरंभ केला तेव्हा सामान्य गिऱ्हाइकाला दाद मागण्याची जागा नव्हती. आज ती आहे, पण कागदावाचून तेथे उभे राहणे कठीण. पहिल्या कारागिराविरुद्ध पाऊल उचलायचे तर ते मालकाने उचलावे, कारण पैसे त्याने दिले होते.

खालच्या बिऱ्हाडातील आजींना फोडकामाचा दिवस आधी कळव, आणि त्यांच्या छताचा रंग या खर्चात धरायला मालकाला सांग. त्यांचे नुकसान तुझ्याहून अधिक झाले आहे. करारनाम्याचा मसुदा तयार झाला म्हणजे सही करण्यापूर्वी मला पाठव, मी वाचून परतटपालाने दुरुस्त्या कळवीन.

घरी सर्व कुशल. तुझ्या मामीचा आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा