आधी मांडणी, मग सूत्र



गणिताच्या धास्तीने आम्ही कला शाखेकडे वळलो आणि नोकरी मात्र बँकेत, आकड्यांतच करू लागलो! दहावीच्या मुलांचा अभ्यास घेताना आमच्या ध्यानात आले की, गणित चुकते ते बहुधा बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर घाईमुळे. दोन उदाहरणे पाहू.

उदाहरण १ : दोन नाणी एकाच वेळी फेकली असता कमीत कमी एक छापा मिळण्याची संभाव्यता काढा.

पुष्कळ मुले म्हणतात, दोन छापे, एक छापा किंवा एकही नाही, अशा तीन शक्यता. त्यांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३. येथेच फसगत होते. या तीन शक्यता सारख्या नाहीत. 'एक छापा' दोन प्रकारे मिळतो. म्हणून नमुना अवकाश पूर्ण लिहावा :

छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा.

एकूण ४, अनुकूल ३. उत्तर ३/४.

ही चूक झाली म्हणून खचू नका. फ्रान्सचे थोर गणिती दालांबेर यांनीही १७५४ साली विश्वकोशातील लेखात २/३ हेच उत्तर दिले होते. त्यांचा युक्तिवाद थोडा निराळा होता. पण असमान शक्यता समान मानण्याची चूक तीच.

उदाहरण २ : समभुज चौकोनाचे कर्ण १६ सेमी व १२ सेमी आहेत. परिमिती काढा.

घाईत पायथागोरसचे प्रमेय लावले जाते : १६² + १२² = ४००, बाजू २०, परिमिती ८० सेमी. उत्तर नीटस आले, म्हणून मूल खूश! पण आकृती काढा. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात. म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या बाजू ८ व ६.

८² + ६² = ६४ + ३६ = १००. बाजू १० सेमी, परिमिती ४० सेमी.

पडताळाही सोपा आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. ८ + ६ = १४; मग तिसरी बाजू २० कशी असेल?

बँकेत आम्ही बेरीज दोनदा तपासतो, त्यात कमीपणा मानत नाही. तुम्हीही मानू नका. पालक सभासदांना एकच विनंती : मुलाला "उत्तर किती आले?" असे विचारण्याआधी "मांडणी कशी केलीस?" असे विचारा. गणिताच्या भीतीने आमची एक वाट बंद झाली. आपल्या मुलांची होऊ नये.