आम्ही पाहिलेला सहस्रकुंड धबधबा

श्रावणात आमची सहल सहस्रकुंडला गेली. हा धबधबा पैनगंगा नदीवर आहे. अलीकडे आपला नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. धबधबा दिसायच्या आधी त्याचा आवाजच आला. पाणी चहासारखं गढूळ होतं.

गुरुजींनी विचारले, "नदी उडी का मारते?" कुणालाच सांगता येईना. मग ते म्हणाले, "कठीण खडक लवकर झिजत नाही. त्याच्यापुढचा मऊ खडक झिजतो आणि पायरी तयार होते. भोवऱ्यात गोटे गरागरा फिरून खडकाला खळगे पाडतात. त्यांना रांजणखळगे म्हणतात."

खळगा बघायला मी पुढे गेलो आणि शेवाळावर पाय घसरला. मित्राने दप्तराचा पट्टा धरला म्हणून वाचलो. गुरुजी रागावले नाहीत, पण गाडीत बसेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

घरी बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा तिथं नुसता खडक होता." वरच्या बाजूला याच नदीवर इसापूर धरण आहे. त्याच्या कालव्याचे पाणी आमच्या अर्धापूरच्या केळीला येते. म्हणजे आमची केळी पैनगंगेचेच पाणी पितात!

मुलांनो, धबधबा जरूर पाहा, पण लांबूनच. आणि शेतातले पाणी वाया घालवू नका.